एनएमएस जुनंच टेबल दाखवतंय: कॅश कुठली, कधी आणि कशी साफ करायची

विजेनं स्विच गेला, दुसरा बसवला, नेटवर्क सुरू झालं. तरी एनएमएसच्या, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पडद्यावर जुनाच स्विच आणि जुनीच पोर्टांची नावं. मे महिन्यातल्या वळवापासून ऑक्टोबरच्या परतीच्या पावसापर्यंत गोव्यात ही तक्रार हमखास येते, आणि त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो: "कॅश उडवा ना!" उडवायला हरकत नाही. पण कॅश, म्हणजे पुन्हा विचारावं लागू नये म्हणून साठवलेली माहिती, एनएमएसमध्ये एकच नसते, चार-पाच ठिकाणी असते, आणि भलतीच उडवली तर वर्षभराचा इतिहास हातचा जातो. म्हणून खालचा क्रम फुकटच्या, बिनधोक तपासण्यांपासून सुरू होतो. डेटाबेसला हात लावायची पाळी शेवटी येते, आणि बहुतेकदा येतच नाही.

उदाहरणं कॅक्टी, झॅबिक्स आणि लिबरएनएमएसची दिली आहेत. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर बटणांची नावं बदलतील, क्रम तोच राहील.

लक्षणं

- ग्राफवर नाव एका पोर्टचं आणि ट्रॅफिक दुसऱ्याच पोर्टची.
- वीज जाऊन आली की वॅन लिंकचा (बाहेरच्या इंटरनेट जोडणीचा) ग्राफ सपाट होतो, इंटरनेट मात्र व्यवस्थित चालू असतं.
- ग्राफच्या शीर्षकात पोर्टच्या नावाऐवजी उभ्या रेघांमध्ये अडकलेलं 'क्वेरी आयएफनेम' असं काहीतरी दिसतं.
- काढून टाकलेला ॲक्सेस पॉइंट अजून यादीत आहे आणि रोज 'डाउन'चा इशारा पाठवतो.
- मॅक ॲड्रेस (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) शोधला तर उपकरण आधीच्याच पोर्टवर दाखवलं जातं.
- नवा स्विच पिंगला उत्तर देतो, एसएनएमपीला (एनएमएस ज्या पद्धतीनं उपकरणाला माहिती विचारतं ती) मात्र टाइमआउट.
- लॉगमध्ये 'पोलर आउटपुट टेबल नॉट एम्प्टी' ही ओळ दर पाच मिनिटांनी उमटते.

एक लक्षण यात मुद्दाम घेतलेलं नाही. सगळी माहिती बरोबर साडेपाच तास मागे दिसत असेल तर तो कॅशचा दोष नव्हे. सर्व्हर किंवा पीएचपी यूटीसी वेळेवर चालतंय. टाइमझोन आशिया/कोलकाता करा, सेवा रीस्टार्ट करा, आणि पुढचं वाचायचं सोडून द्या.

पडदा आणि थोडी कळ

ब्राउझरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून पान नव्यानं उघडा. त्यानं फरक पडला नाही तर दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून बघा. रिसेप्शनमागच्या भिंतीवर चोवीस तास चालू असलेल्या डॅशबोर्डचं सत्र संपलेलं असतं आणि पडद्यावर शेवटचंच चित्र गोठून राहतं. असं अनेकदा निघतं.

दुसरं म्हणजे, बदल करून किती वेळ झाला ते बघा. पोलिंग आणि डिस्कव्हरी ही दोन वेगळी कामं आहेत. पोलिंग म्हणजे माहीत असलेल्या पोर्टांचे आकडे आणणं, ते काम पोलर हा प्रोग्रॅम साधारण दर पाच मिनिटांनी करतो. डिस्कव्हरी म्हणजे कोणते पोर्ट आहेत हे नव्यानं विचारणं, आणि ती बरीच विरळ होते. लिबरएनएमएसमध्ये मूळ सेटिंगप्रमाणे दर सहा तासांनी, झॅबिक्सच्या नेटवर्क टेम्प्लेटांत बहुधा दर तासाला. सकाळी अकराला स्विच बदलून साडेअकराला 'जुनी यादी दिसते' म्हणणाऱ्याचं काहीच बिघडलेलं नसतं. तेवढा धीर नसेल तर डिस्कव्हरी हातानं चालवा. लिबरएनएमएसमध्ये उपकरणाच्या एडिट पानावर 'रीडिस्कव्हर डिव्हाइस' आहे, झॅबिक्समध्ये डिस्कव्हरी रूलवर 'एक्झिक्यूट नाऊ'.

सर्व्हरचं घड्याळ

ही तपासणी एका मिनिटाची आहे, म्हणूनच ती सगळे गाळतात. लहान हॉटेलांत एनएमएस बहुधा हिशेबाच्या खोलीतल्या जुन्या डेस्कटॉपवर चालतं. त्याच्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो. वीज गेली की घड्याळ मागे जातं. वीज आली की मशीन चालू होतं, पण फायबरचा डबा अजून जोडलेला नसतो, त्यामुळे एनटीपीकडून, म्हणजे इंटरनेटवरच्या घड्याळाकडून, वेळ मिळत नाही. आणि ग्राफचे आकडे साठवणाऱ्या आरआरडी फाइलचा नियम कडक आहे: शेवटच्या नोंदीपेक्षा जुनी किंवा त्याच सेकंदाची नोंद ती घेतच नाही. लॉगमध्ये 'इलीगल अटेम्प्ट टू अपडेट' असं येतं आणि ग्राफ थांबतो.

याची उलटी तऱ्हा जास्त त्रासदायक. घड्याळ काही मिनिटांसाठी पुढच्या एखाद्या वर्षात गेलं आणि त्या अवधीत एक पोलिंग झालं, की फाइलमध्ये भविष्यातली तारीख बसते. घड्याळ नंतर सरळ केलं तरी ती फाइल त्या तारखेपर्यंत नवीन काहीही घेत नाही. अशा वेळी कितीही कॅश साफ करा, उपयोग शून्य. त्या फाइलचा कालचा बॅकअप परत ठेवणं हा साधा उपाय. बॅकअप नसेल तर फाइल एक्सएमएलमध्ये काढून पुढच्या तारखेच्या नोंदी छाटून परत बांधावी लागते, आणि ते सवयीच्या माणसाचं काम आहे.

लिनक्सवर 'टाइमडेटसीटीएल' चालवा. वेळ आणि सिंक्रोनायझेशनची ओळ दोन्ही वाचा. सेल बदलायला मशीन बंद करून प्लग काढावा लागतो, बाकी काही नाही.

पोलर चालतोय का, जागा उरली आहे का

डिस्क भरली की टेबल आहे तसं थिजतं, आणि बघणाऱ्याला ते कॅशसारखंच दिसतं. 'डीएफ' कमांडनं जागा बघा. जागा रिकामी दिसली तरी त्याच कमांडला 'आय' पर्याय देऊन आयनोडही, म्हणजे आणखी किती फाइली बनू शकतात तेही, बघा. लाखो बारीक सेशन फाइली साठल्या की जागा असूनही नवी फाइल तयार होत नाही.

कॅक्टीच्या लॉगमध्ये 'सिस्टिम स्टॅट्स'ची ओळ शोधा. त्यात तीन आकडे कामाचे: टाइम, डेटा सोर्सेस आणि आरआरडीज प्रोसेस्ड. पाच मिनिटांच्या पोलिंगला टाइम ३०० सेकंदांच्या चांगलाच आत हवा. तो २९८-२९९ वर चिकटलेला असेल तर पोलरचं काम पुरं होत नाही, अर्धवट नोंदी मागे राहतात आणि 'टेबल नॉट एम्प्टी'चा इशारा तिथूनच येतो. बंद पडलेली उपकरणं यादीत तशीच ठेवली की हे हमखास होतं, कारण प्रत्येकासाठी पोलर टाइमआउट संपेपर्यंत थांबतो. पावसाळ्यात बंद ठेवलेल्या ब्लॉकमधले स्विच 'डिसेबल' करा. पुष्कळदा एवढ्यानंच आजार पळतो.

एसएनएमपीवॉक: दोष कुणाचा हे इथं ठरतं

यापुढची प्रत्येक पायरी या एका चाचणीवर अवलंबून आहे. एनएमएसच्याच सर्व्हरवर बसा, तुमच्या लॅपटॉपवर नको. कारण स्विचवरची परवानगी-यादी सर्व्हरच्या आयपीला ओळखते, लॅपटॉपला नाही. तिथून 'एसएनएमपीवॉक' कमांडनं स्विचला थेट विचारा (आकडे म्हणजे त्या माहितीचा एसएनएमपीमधला पत्ता):

- पोर्टांची नावं: १.३.६.१.२.१.३१.१.१.१.१
- पोर्टची वर्णनं, म्हणजे तुम्ही स्वतः लिहिलेली: १.३.६.१.२.१.३१.१.१.१.१८
- चालू-बंद स्थिती: १.३.६.१.२.१.२.२.१.८
- उपकरण किती वेळ चालू आहे: १.३.६.१.२.१.१.३.०

उत्तर कागदावर किंवा फाइलमध्ये घ्या, एक मिनिट थांबा, पुन्हा विचारा. काही उपकरणांचा एसएनएमपी एजंट स्वतःच थोडा वेळ टेबल साठवून ठेवतो, म्हणून एका उत्तरावर विसंबू नये.

एसएनएमपीवॉक बरोबर आणि एनएमएस चूक असेल तर शिळी कॅश एनएमएसमध्ये आहे. एसएनएमपीवॉकच जुनं सांगत असेल तर गोंधळ उपकरणात आहे, आणि एनएमएसचा डेटाबेस कितीही घासलात तरी पुढच्या पोलिंगला तोच कचरा परत येईल. एसएनएमपीवॉकला उत्तरच येत नसेल तर प्रश्न टेबलाचा नाहीच, पोहोचण्याचा किंवा परवानगीचा आहे.

मॅक टेबल (कुठला मॅक कुठल्या पोर्टवर) विचारताना सिस्कोच्या जुन्या स्विचांवर एक खोच आहे. साध्या कम्युनिटीनं (एसएनएमपीचा परवलीचा शब्द) विचारलं तर फक्त व्हीलॅन १ चं टेबल मिळतं; व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क. व्हीलॅन १० चं हवं असेल तर कम्युनिटीच्या नावापुढे ॲट चिन्ह आणि १० जोडावं लागतं. टेबल रिकामं दिसलं म्हणून घाबरू नका, प्रश्न अर्धाच विचारला गेलेला असतो.

दोष उपकरणात असेल तर

मॅक टेबलाला बहुधा काही करावं लागत नाही. सिस्को स्विचांत न वापरलेली नोंद मूळ सेटिंगप्रमाणे ३०० सेकंदांत आपोआप जाते. पाच मिनिटांनंतरही ती तिथंच असेल तर 'शो मॅक ॲड्रेस-टेबल'मध्ये तिच्यापुढे 'स्टॅटिक' लिहिलंय का बघा. पोर्ट सिक्युरिटीत 'स्टिकी' लावलेलं असेल तर जुन्या उपकरणाचा ॲड्रेस चिकटून बसतो, 'क्लिअर डायनॅमिक'नं हलत नाही. तो त्या पोर्टच्या कॉन्फिगमधून काढावा लागतो, आणि नंतर कॉन्फिग सेव्ह करायला विसरू नये.

एआरपीचं, म्हणजे कुठल्या आयपीचा मॅक कोणता या टेबलाचं, वेगळं. सिस्को राउटरवर एआरपीची नोंद चार तास राहते. नवा स्विच जुन्याच आयपीवर बसवला, तो त्याच व्हीलॅनमधून दिसतो, पण दुसऱ्या व्हीलॅनमधल्या एनएमएसला दिसत नाही, असं झालं तर गेटवेकडे जुना मॅक आहे. फक्त त्या एका आयपीची नोंद काढा: 'क्लिअर आयपी एआरपी' आणि पुढे तो आयपी. सगळं टेबल एका दमात उडवायचा मोह आवरा. कोअर, म्हणजे मध्यवर्ती, स्विचवर अख्खं मॅक टेबल पुसलं की थोडा वेळ प्रत्येक पॅकेट त्या व्हीलॅनच्या सगळ्या पोर्टांवर जातं. कॅमेरे, आयपी फोन आणि कार्ड स्वाइप करायची मशीनं तेवढ्यात अडखळतात, आणि रेस्टॉरंटमध्ये बिलाच्या वेळी हे झालं तर ओरडा तुमच्याच नावानं होतो.

एनएमएस सर्व्हरचंही स्वतःचं शेजार-टेबल, म्हणजे एआरपीचंच टेबल, असतं. लिनक्समध्ये त्याची मूळ कमाल मर्यादा १०२४ नोंदींची. सर्व्हर पाहुण्यांच्या वायफायच्याच सपाट नेटवर्कमध्ये असेल आणि ऑटो-डिस्कव्हरी /२१ ची रेंज, म्हणजे २०४६ पत्ते, चाळत असेल तर हे टेबल भरतं. कर्नलच्या लॉगमध्ये 'नेबर टेबल ओव्हरफ्लो' येतं, आणि चालू असलेली उपकरणं यादृच्छिकपणे डाउन-अप दिसू लागतात. मर्यादा वाढवता येते. पण खरा उपाय म्हणजे एनएमएस मॅनेजमेंट व्हीलॅनमध्ये हलवणं आणि डिस्कव्हरीची रेंज आटोक्यात ठेवणं.

पीपीपीओईचा सपाट ग्राफ

आता सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार. ती नीट समजून घ्या, कारण रीबूट करून ती 'बरी' होते आणि पुढच्या वीजकपातीला परत येते.

एसएनएमपीमध्ये प्रत्येक इंटरफेसला एक क्रमांक असतो, आयएफइंडेक्स. हा क्रमांक कायमचा नसतो. उपकरण रीबूट झालं, कार्ड घातलं, नवा बोगदा काढला की तो बदलू शकतो. लिनक्सवर आधारलेल्या राउटरमध्ये पीपीपीओईचा (यूजरनेम-पासवर्डनं इंटरनेट कंपनीशी जोडणारा) इंटरफेस प्रत्येक जोडणीला नव्यानं तयार होतो आणि नवा क्रमांक घेतो. कालपर्यंत १४ होता, आज १९. एनएमएस अजून १४ लाच विचारतं, तिथं कुणीच नसतं, ग्राफ सपाट.

कॅक्टीमध्ये हा बदल ओळखायला री-इंडेक्सच्या पद्धती आहेत, आणि सहसा 'अपटाइम गोज बॅकवर्ड्स' निवडलेली असते. म्हणजे उपकरणाचा चालू असण्याचा वेळ आधीपेक्षा कमी दिसला तरच ते नव्यानं यादी विचारतं. आता प्रसंग डोळ्यांपुढे आणा. राउटर यूपीएसवर आहे, फायबरचा डबा नाही. वीज दोन मिनिटं जाते. डबा बंद पडतो, पीपीपीओई तुटतं, पुन्हा जोडलं जातं, क्रमांक बदलतो. राउटर मात्र एक सेकंदही बंद पडलेला नाही. अपटाइम मागे गेलाच नाही, तर कॅक्टीला कळणार कसं? 'इंडेक्स काउंट चेंज्ड' लावलं तरी भागत नाही. आधी आठ इंटरफेस होते, नंतरही आठच. दोन पोलिंगच्या मधल्या दोन मिनिटांत सातच होते, हे कुणी पाहिलंच नाही.

दुसरा असाच फसवा प्रसंग स्विच बदलताना होतो. विजेच्या लपंडावात जुना स्विच मरण्याआधी चार मिनिटांपूर्वीच सुरू झालेला होता, म्हणून कॅक्टीकडे शेवटचा अपटाइम चार मिनिटांचा. नवा स्विच बसवून, कम्युनिटी घालून पहिलं उत्तर येईपर्यंत चाळीस मिनिटं झाली. चाळीस हे चारापेक्षा जास्त, म्हणजे कॅक्टीच्या लेखी उपकरण तेच आहे आणि रीबूटही झालेलं नाही.

उपाय: कॅक्टीमध्ये त्या उपकरणाच्या पानावर, डेटा क्वेरीच्या ओळीत 'रीलोड क्वेरी'चं हिरवं वर्तुळ दाबा. ही झाली हातानं कॅश ताजी करण्याची योग्य जागा. इतिहासाला धक्का लागत नाही. मग तिथंच री-इंडेक्सची पद्धत 'व्हेरिफाय ऑल फील्ड्स' करा. त्यानं पोलिंगचा भार वाढतो हे खरं, पण सगळ्या उपकरणांना लावायची गरज नसते. पीपीपीओईचे राउटर आणि वारंवार बदलणारे स्विच एवढ्यांना पुरे. आणि फायबरचा डबा यूपीएसवर घ्या. तो सोडून राउटर तेवढा यूपीएसला जोडण्याची ही जी पद्धत आहे, तिचा काही खुलासा होत नाही.

लिबरएनएमएसमध्ये उपकरणाच्या सेटिंगमध्ये 'पोर्ट असोसिएशन मोड' असतो. मूळ सेटिंग आयएफइंडेक्सचं. ते आयएफनेम करा. सिस्को राउटर-स्विचवर इंडेक्स रीबूटनंतरही टिकवायची कमांड आहे: जुन्या आयओएसवर 'एसएनएमपी-सर्व्हर आयएफइंडेक्स पर्सिस्ट'.

नावही फसवतं तेव्हा

सिस्कोच्या २९६० मालिकेतला २४ फास्ट इथरनेट पोर्ट आणि दोन गिगाबिट अपलिंक (कोअरकडे जाणारे पोर्ट) असलेला स्विच घ्या. त्याचे फास्ट इथरनेट पोर्ट १०००१ ते १००२४, आणि अपलिंक गिगाबिट ०/१ चा इंडेक्स १०१०१. तो जळाला, जागी २४ गिगाबिट पोर्टांचा स्विच आला. त्याचे पोर्ट १०१०१ पासून १०१२४ पर्यंत. अपलिंकची केबल शेवटच्या पोर्टात लावली, म्हणजे १०१२४.

एनएमएस 'अपलिंक' या नावाखाली १०१०१ लाच विचारत राहतं. तिथं आता रिसेप्शनचा संगणक आहे. ग्राफ सपाट नाही, इशारा नाही, सगळं हिरवंगार. फक्त आकडे भलत्याच माणसाचे. इथं री-इंडेक्स करूनही काही होत नाही, कारण इंडेक्सही तोच आणि नावही तेच, गिगाबिट ०/१. कॅश ताजी आहे, आपली समजूत शिळी आहे.

म्हणून प्रत्येक अपलिंकला वर्णन लिहायची शिस्त हवी: 'अपलिंक कोअर', 'ब्लॉक बी', जे काय असेल ते. कॉन्फिगमध्ये ते हातानं लिहिलेलं असतं, त्यामुळे केबलबरोबर ते नव्या पोर्टवर नेता येतं, आणि एनएमएसला वर्णनावरून पोर्ट ओळखायला सांगता येतं. एवढं नसेल तर जुन्या अपलिंकचा ग्राफ बंद करून नव्या पोर्टचा वेगळा काढा. जुन्याला नवा पोर्ट जोडून इतिहास 'सलग' ठेवायच्या भानगडीत पडू नका.

पिंग लागतो, एसएनएमपी नाही

एसएनएमपी आवृत्ती ३ वापरत असाल तर आधी हे बघा. सिस्कोमध्ये व्ही३ चे यूजर रनिंग-कॉन्फिगमध्ये दिसत नाहीत, आणि त्यांचे पासवर्ड इंजिन आयडीला, म्हणजे त्या उपकरणाच्या एसएनएमपीतल्या ओळखीला, बांधलेले असतात. जुन्या स्विचचं कॉन्फिग नव्यात जसंच्या तसं ओतलं तरी यूजर येत नाहीत. ते हातानं परत बनवावे लागतात.

यूजर बनवले, एसएनएमपीवॉकला उत्तर येतं, तरी झॅबिक्स टाइमआउटच म्हणतं? झॅबिक्स जुन्या उपकरणाचा इंजिन आयडी, बूटची संख्या आणि वेळ लक्षात ठेवून बसलंय. सर्व्हरवर 'झॅबिक्स सर्व्हर' कमांडला मोठ्या आर पर्यायासह 'एसएनएमपी कॅश रीलोड' सांगा. मधे प्रॉक्सी असेल तर तीच कमांड प्रॉक्सीवर. इथं सेवा रीस्टार्ट करायचं कारण नाही. आणि दोन स्विचांना एकच इंजिन आयडी हातानं दिलेला असेल तर हा त्रास दर पोलिंगला आलटून पालटून होत राहणार. तो आधी वेगळा करा.

मेलेल्या नोंदी

काढून टाकलेले पोर्ट लिबरएनएमएसमध्ये 'डिलिटेड' या यादीत जातात. पोर्ट्सच्या मेनूतून ती यादी उघडून 'पर्ज' करता येते. पर्ज केलेल्या पोर्टचे ग्राफही जातात, तेवढं लक्षात ठेवून करा.

झॅबिक्समध्ये डिस्कव्हरीला न सापडलेली वस्तू काही दिवस ठेवून मग आपोआप पुसली जाते. जुन्या आवृत्त्यांत मूळ मुदत ३० दिवसांची, ७.० पासून ७ दिवसांची. कळंगुट-कांदोळीच्या पट्ट्यातल्या हॉटेलांना हे जाचतं. जूनमध्ये एक ब्लॉक बंद केला की त्यातले ॲक्सेस पॉइंट वायफाय कंट्रोलरच्या टेबलातून गायब होतात. कंट्रोलर चालू असल्यामुळे झॅबिक्सची डिस्कव्हरी 'यशस्वी' होते, आणि हंगाम सुरू होईपर्यंत त्या सगळ्यांचा इतिहास पुसला गेलेला असतो. जिथं हंगामी बंद-चालू आहे तिथं ही मुदत १८० दिवस करा.

आणि पाहुण्यांचे मोबाइल. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट मॅक ॲड्रेस देतात. एका लग्नाच्या पार्टीनंतर एआरपी आणि मॅकच्या इतिहासात शेकडो निरुपयोगी नोंदी पडतात. पाहुण्यांच्या व्हीलॅनसाठी ही टेबलं गोळा करणंच बंद करा. पण कोणाला कुठला आयपी दिला याची नोंद ठेवणं व्यवस्थापनाला आवश्यक असेल, तर ते काम डीएचसीपी किंवा फायरवॉलच्या लॉगचं आहे, एनएमएसचं नाही.

शेवटी डेटाबेस

वरचं सगळं करून झालं, एसएनएमपीवॉक बरोबर आहे, आणि तरी कॅक्टी अडकलेलंच आहे, तर मगच. हा क्रम मोडू नका:

१. पोलर बंद करा. सेटिंग्जमध्ये पोलरचं 'एनेबल्ड' काढा.
२. चालू फेरी संपू द्या. एक पूर्ण फेरी, म्हणजे पाच मिनिटं, थांबा आणि पोलरची प्रक्रिया शिल्लक नाही हे बघा. पोलर लिहीत असताना टेबल पुसलं तर अर्धी फेरी जुनी, अर्धी नवी, असा काला होतो.
३. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीचा पूर्ण डंप घ्या आणि आरआरडी फाइलींच्या 'आरआरए' फोल्डरची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. त्याच डिस्कवरची प्रत हा बॅकअप नव्हे.
४. फक्त 'पोलर आउटपुट' हे टेबल ट्रंकेट (पूर्ण रिकामं) करा. आरआरडीत न गेलेले काही मिनिटांचे आकडे एवढंच त्यात असतं. 'बूस्ट' (आकडे साठवून नंतर एकदम लिहायची सोय) चालू असेल तर 'पोलर आउटपुट बूस्ट'ला हात लावू नका, तिथं बरेच तास थांबलेले असू शकतात.
५. सिस्टिम युटिलिटीजमधून 'रीबिल्ड पोलर कॅश' चालवा. उपकरणं जास्त असतील तर वेळ लागतो. मधेच ब्राउझर बंद करू नका, किंवा तेच काम कमांड लाइनवरून करा.
६. पोलर चालू करा आणि दोन फेऱ्यांच्या 'सिस्टिम स्टॅट्स'च्या ओळी वाचा.

'होस्ट एसएनएमपी कॅश' हे टेबल नावामुळे मोहात पाडतं. ते हातानं रिकामं करू नका. ग्राफची शीर्षकं त्यातूनच भरली जातात. ते रिकामं झालं की लक्षणांतली ती उभ्या रेघांची शीर्षकं सगळीकडे उगवतात, आणि मग प्रत्येक उपकरणाला 'रीलोड क्वेरी' दाबत बसावं लागतं. 'होस्ट', 'डेटा लोकल', 'ग्राफ लोकल' ही तर कॅश नव्हेतच, तो तुमचा संसार आहे.

'टेबल इज फुल' अशी चूक येत असेल तर ते टेबल मेमरी इंजिनवर (डिस्कऐवजी मेमरीत) आहे का बघा. तसं असेल तर 'मॅक्स हीप टेबल साइझ'ची मूळ मर्यादा १६ एमबीची आहे. ती वाढवा. नुसतं ट्रंकेट केलंत तर उद्या पुन्हा भरेल.

इथं थांबा

डेटाबेसच्या लॉगमध्ये 'करप्ट' हा शब्द किंवा कर्नलच्या लॉगमध्ये डिस्क वाचण्याच्या चुका दिसल्या तर लगेच थांबा. पुन्हा पुन्हा रीस्टार्ट केल्यानं आणि 'रिपेअर' चालवल्यानं वाचण्याजोगं उरलेलंही जातं. मशीन बंद करून डेटाबेसच्या जाणकाराला बोलवा.

कोअर स्विचवरून रुग्णालय, कारखान्याची लाइन किंवा पैशांचे व्यवहार चालत असतील तर एआरपी-मॅक साफ करण्याची कमांड स्वतःच्या जबाबदारीवर देऊ नका. ज्याच्याकडे त्या नेटवर्कचं वार्षिक देखभालीचं कंत्राट आहे त्याला सांगा, आणि वेळ लेखी ठरवून घ्या. विकत घेतलेल्या एनएमएसचा डेटाबेस हातानं बदलला तर कंपनी पुढची मदत नाकारू शकते. आधी त्यांच्याकडे तिकीट नोंदवा.

एकाच कॅबिनेटमधले स्विच दर पावसाळ्यात जात असतील, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील, किंवा जळका वास येत असेल, तर हे नेटवर्कवाल्याचं काम राहिलेलं नाही. मेन बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. किनाऱ्याजवळ खारट हवेनं अर्थिंगचे सांधे आणि आरजे-४५ ची टोकं दोन्ही गंजतात. टोकं हिरवी पडली असतील तर ती कापून नवी क्रिंप करणं तुम्हाला जमेल, अर्थिंग नाही.

बोलावलेल्या माणसाला देण्यासाठी एवढं तयार ठेवा: सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, बदल कधी आणि कोणता केला, एसएनएमपीवॉकची दोन्ही उत्तरं, लॉगमधल्या शेवटच्या दोन फेऱ्या, बॅकअप कुठं आहे, आणि तोपर्यंत तुम्ही काय काय साफ केलंत त्याची यादी, एकही गोष्ट न लपवता.